मिरगाआधी गाडीचे पार्ट कुठून घ्यावेत: कंपनीचं काउंटर, बाजारपेठ, ऑनलाइन आणि भंगार

किनाऱ्यावरच्या गाडीचं वय किलोमीटरवर ठरत नाही. मालवण, गुहागर किंवा मुरुडच्या बाजूला अंगणात उभी राहणारी, वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर चालणारी वॅगनआर उघडून बघा. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम, ब्लीडरचे निपल (ब्रेकमधली हवा आणि ऑइल काढायचे स्क्रू) गंजलेले, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि जांभ्याचा लाल चिखल यांना गाडी किती चालली याच्याशी देणंघेणं नसतं. सर्व्हिस बुकात ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे त्यातला महिन्यांचा आकडा धरायचा.

पार्ट मिळण्याच्या जागा चार: कंपनीचं अधिकृत काउंटर, बाजारपेठेतलं स्पेअर पार्टचं दुकान, ऑनलाइन आणि भंगार. चारही जागा कामाच्या आहेत, पण प्रत्येकीचं काम वेगळं.

काउंटरपासून सुरुवात करू. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशा ठिकाणी मोठ्या कंपन्यांचे वर्कशॉप आहेत आणि पार्ट तिथे सुटेही विकले जातात. चासी नंबर (सतरा अक्षर-आकड्यांचा) दिला की त्याच गाडीचा पार्ट नंबर निघतो, चुकीचा पार्ट हातात पडत नाही. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटला ब्रेक पॅड, हेडलाइट, सेन्सर वेगळे असू शकतात, म्हणून हा फायदा मोठा. वस्तू शिल्लक नसेल तर थांबावं लागतं आणि किमतीत सूट जवळजवळ नसते. तरी सेन्सर, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, हेड गॅस्केट, ऑइल सील आणि टायमिंग बेल्ट यांसाठी थेट इथेच जावं. यातल्या बऱ्याच कामांत मजुरी पार्टापेक्षा जास्त असते. शंभर रुपयांचं सील वाचवून गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्यात काहीच मिळवलं जात नाही. टायमिंग बेल्टचा विषय सगळ्यांना लागू नाही: मारुतीच्या के-सिरीज इंजिनला चेन असते, पण अल्टो ८०० आणि सँट्रो झिंगसारख्या गाड्यांना बेल्ट असतो. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चालावं.

बाजारपेठेतलं दुकान हा आमच्या मते खरा बचतीचा रस्ता. गाडी बनवणारी कंपनी बरेचसे पार्ट स्वतः बनवत नाही, पुरवठादारांकडून घेते. तेच पुरवठादार आपल्या नावाच्या खोक्यातही माल विकतात. प्लगमध्ये एनजीके, डेन्सो, बॉश, क्लचमध्ये व्हॅलिओ, ल्यूक, शॉकअपमध्ये गॅब्रिएल, बेअरिंगमध्ये एसकेएफ, एनबीसी, फिल्टरमध्ये प्युरोलेटर, एलोफिक. अशा नावाचा, योग्य नंबरचा पार्ट बहुतेक वेळा कंपनीच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडतो आणि कामात कमी पडत नाही. दुकानदाराकडे ‘ओरिजिनल द्या’ एवढंच मागू नका. ओरिजिनल (गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला), ओईएम (पुरवठादाराच्या नावाच्या खोक्यातला) आणि लोकल (बाकी कोणीही बनवलेला) या तीन वेगळ्या वस्तू आहेत. तिन्हींचा भाव विचारा आणि जुना पार्ट सोबत न्या. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बोल्टची भोकं, जाडी, कनेक्टरच्या पिना मोजल्या की निम्म्या फेऱ्या वाचतात.

डुप्लिकेट ओळखायला खोक्यावरचा छापील मजकूर नीट वाचा: पार्ट नंबर, एमआरपी, महिना-वर्ष, बनवणाऱ्याचा पत्ता. अक्षर पुसट, स्पेलिंग चुकलेलं, खोक्यावरचा नंबर पार्टवरच्या नंबराशी जुळत नाही, असं काही दिसलं की परत करा. पक्कं बिल घ्या. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या पार्टांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच पार्टांवर तो २८ टक्के होता. जुन्या स्टिकरचा माल त्याच जुन्या भावाने देत असतील तर तेवढं विचारायला संकोच करू नका.

लोकल माल कुठे चालतो? दाराचं हँडल, मडगार्डचं लाइनर, व्हील कव्हर, मॅट, मडफ्लॅप. ब्रेक, स्टिअरिंग, बॉल जॉइंट यांत तो अजिबात घेऊ नये. कुंभार्ली, आंबा, आंबोली उतरताना सगळी गाडी त्या दोन-तीन इंचांच्या पॅडवर असते.

ब्रेक पॅड हे घरी करता येण्यासारखं काम आहे आणि इथे त्यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून ते सविस्तर सांगतो. पॅडचा घर्षणाचा थर ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा, आणि दोन्ही चाकांचे एकदमच. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा (मारुतीला १९चा पाना, ह्युंदाईला २१चा). जॅक खाली जाड फळी घ्या, पावसानंतरच्या मऊ जमिनीत तो खचतो. गाडी उचलल्यावर स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवा, आणि तो पूर्ण सुटला तर तारेने बांधा, नळीवर लोंबकळू देऊ नका.

पॅड निघाले की घाई इथे थांबवायची. पिना ओढून बाहेर काढा. हाताने सहज सरकत नसतील तर पॅड एका बाजूने झिजतो आणि गाडी ब्रेक लावल्यावर ओढते. नवा पॅड टाकून हे जात नाही. पिना घासून, पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं चेसिस ग्रीस लावलं तर रबराचे बूट फुगतात आणि दोन महिन्यांत पिना पुन्हा जाम. फाटलेला बूट काही रुपयांत मिळतो, तो त्याच वेळी बदला. पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलची टाकी बघा: काठोकाठ भरलेली असेल तर ते सांडतं आणि रंग खातं. सगळं बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत मारा. पहिल्यांदा दाबल्यावर पेडल तळाला जातं, आणि हे विसरून गाडी सुरू केली तर समोरची भिंत गाठते. पहिले दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक टाळा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणात हवेत पाण्याला तोटा नाही. कोरड्या, म्हणजे ताज्या डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावरची मर्यादा १५५. लांबच्या घाटउतारावर ते उकळलं की पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी बदला, सीलबंद लहान बाटली आणा, उरलेली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. ब्लीडरचा निपल गंजला असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा आणि गोल पाना वापरा. उघड्या पान्याने डोकं गोल होतं, तुटला तर अख्खा कॅलिपर काढावा लागतो. रबराची टोपी हरवली असेल तर तीही मागून घ्या, निपल वाचतो तो तिच्यामुळेच.

दुसरं दुर्लक्षित काम म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) रबरी बूट. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट काळे शिंतोडे दिसले की बूट फाटला. ग्रीस बाहेर, लाल चिखल आत. त्याच आठवड्यात बूट किट बदललं तर काही शे रुपयांत आणि मजुरीत भागतं. थांबलात तर पूर्ण वळण घेताना ‘कट-कट’ असा आवाज येऊ लागतो, मग जॉइंट किंवा पूर्ण शाफ्ट, म्हणजे काही हजार. किटमध्ये बूट, दोन क्लॅम्प आणि ग्रीसची पुडी असावी. पुडी नसेल तर मॉलिब्डेनमचं सीव्ही जॉइंट ग्रीस वेगळं मागा. जुन्या ग्रीसवर नवं भरू नका, जॉइंट पेट्रोल किंवा रॉकेलने धुऊन पूर्ण सुकवा.

क्लच बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांचा सेट घ्या. गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा असतो. बॅटरीबाबत मल्टिमीटर ठेवा: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जवळपास निम्मा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ असलं तर अल्टरनेटर ठीक. टर्मिनल काढताना आधी ऋण, लावताना शेवटी ऋण. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा आणि व्हॅसलीन लावा. वायपरचं रबर मे महिन्यातच नवं घ्या. आंब्याच्या झाडाखाली गाडी असेल तर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा काचेवर पडतो आणि कोरडे वायपर मारले की रबर फाटतं. काचेच्या खालच्या जाळीतली पानंही त्याच वेळी काढा, पाणी वाहून जायची भोकं बुजली की ते ब्लोअरमार्गे पायात येतं.

ऑनलाइनचा उपयोग खरेदीपेक्षा शोधाला जास्त. बूडमोसारख्या पार्ट विकणाऱ्या साइटवर पार्ट नंबर टाकला की पर्यायी ब्रँड आणि भाव दिसतात. तो आकडा लिहून गावच्या दुकानात विचारा, फरक थोडा असेल तर दुकानातूनच घ्या. बदलून द्यायला माणूस समोर असतो. इलेक्ट्रिकलचा माल उघडल्यावर सहसा परत घेत नाहीत, म्हणून सेन्सर अंदाजाने मागवू नये.

वापरलेल्या मालासाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुना बाजार आहे, आणि नव्या मालासाठी पुण्यात नाना पेठ. दार, बोनेट, आरसा, टेललाइट, सीट, लोखंडी रिम (सरळ आहे का बघून) वापरलेले घ्यायला हरकत नाही. पुरात बुडालेल्या गाडीच्या मालाबद्दल मात्र सावध राहा. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या हे त्या भागातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. बुडालेल्या गाडीचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), अल्टरनेटर, स्टार्टर, एअरबॅग कधीही घेऊ नका. पाणी सुकलं तरी कनेक्टरच्या आत गंज चालूच राहतो आणि सहा महिन्यांनी बिघाड येतो, तोही सापडत नाही असा. कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट डाग, प्लास्टिकच्या सांध्यात बारीक चिखल आहे का ते बघा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, चिखलाची रेघ बहुधा तिथे सापडते.

वेळेचं गणित उरलं. पावसात घाट बंद झाला की कोल्हापूरहून येणारा माल अडकतो, आणि गणपतीच्या आधी पंधरा दिवस मुंबईकरांच्या गाड्यांनी गॅरेज भरलेले असतात. मुंबईहून रात्रीच्या खासगी बसने पार्सल मागवायचं असेल तर पार्ट नंबर, गाडीचं वर्ष आणि डावा-उजवा हे तिन्ही मेसेजमध्ये लिहून द्या, फोनवर ऐकलेलं चुकतं. क्लच, शॉकअप, ब्रेक ही मोठी कामं मेच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि पॅड-बूट-वायपरची खरेदी मृग लागण्याच्या दोन आठवडे आधी उरकून ठेवा.