पर्पलहार्ट की पडौक?

पर्पलहार्ट मध्य-दक्षिण अमेरिकेतलं, पडौक आफ्रिकेतलं. दोन्ही लाकडं लोक रंगावर भाळूनच घेतात. पर्पलहार्ट कापल्या कापल्या मळकट तपकिरी दिसतं, हवा-उजेड लागला की जांभळं होतं. वजन घनमीटरला साधारण 900 किलो. पातं बोथट असेल तर लाकूड तापून चिकट डिंक सोडतं, कडा करपतात.

पडौक सुमारे 750 किलो. रंध्याखाली निमूट चालतं, सुकल्यावर फारसं वाकत नाही. पण त्याचा भुसा! शेंदरासारखा नारिंगी. शेजारी फिकट मेपल जोडलेलं असेल तर पॉलिश पेपर मारताना तो मेपलच्या अंगात जाऊन बसतो. ओल्या फडक्यापेक्षा हवेच्या झोताने उडवलेला बरा.

जमिनीला, हत्यारांच्या मुठींना पर्पलहार्ट. कातकामाला, म्हणजे लेथवर फिरवून आकार द्यायला, मी पडौकच घेईन. फार दिवस उन्हात राहिली तर मात्र दोन्ही तपकिरीच होतात.