बायरनच्या लेकीची गोष्ट: ‘एन्चँट्रेस ऑफ नंबर्स’

जेनिफर चियाव्हेरिनी यांची ही इंग्रजी कादंबरी (2017) संगणकाची जन्मकथा समजून हातात घेतली, तर अर्ध्यात सोडून द्याल. गणनयंत्रांचे आराखडे करणारा चार्ल्स बॅबेज यायलाच फार उशीर होतो. इंग्रज कवी लॉर्ड बायरनची गणिती लेक एडा लव्हलेस आणि तिची आई यांची कादंबरी म्हणून वाचा. तिथे ती भक्कम आहे.

निवेदन एडाचं, पण सुरुवात तिच्या जन्माआधीची, आईवडिलांच्या लग्नापासूनची. एडा जेमतेम पाच आठवड्यांची असताना, जानेवारी 1816 मध्ये, आई तिला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाली. लॉर्ड बायरनला लेक पुन्हा कधीच दिसली नाही. बापाचं वेडं कवीपण मुलीत उतरू नये म्हणून गणिताचा मारा सुरू झाला. धडा नीट झाला की बक्षिसाची चिठ्ठी, चुकला की ती जप्त. आजोळी बायरनची तसबीरसुद्धा हिरव्या पडद्याआड. एडाला ती विशीपर्यंत पाहू दिली नाही. आईची बाजू आधीच कळल्यामुळे ही शिस्त नुसता दुष्टपणा वाटत नाही, आणि हेच या पुस्तकाचं मोठं यश. बाराव्या वर्षी एडा पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करून उडायचं यंत्र आखू लागते, तेव्हा आईला धास्ती का वाटते तेही नेमकं समजतं.

लंगडी बाजू गणिताची. बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावर मेनाब्रेआ या इटालियन इंजिनिअरने लिहिलेल्या फ्रेंच लेखाचा एडाने अनुवाद केला आणि त्याला जोडलेल्या टिपा (1843) मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट भरल्या. त्यातल्या ‘जी’ टिपेत बर्नुली संख्या (गणितातली एक ठरावीक संख्यामालिका) त्या यंत्राने काढण्यासाठी 25 क्रियांचा तक्ता आहे: कोणत्या क्रमाने, कोणत्या चलांवर कोणती क्रिया करायची आणि उत्तर कुठे ठेवायचं. चौथ्या ओळीतला भागाकार तर उलटा छापला गेलाय. तसाच चालवला तर उत्तर चुकतं. एवढा ऐवज हाताशी असताना कादंबरी इथे घाई करते, याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून एडाच्या 1835 च्या लग्नापर्यंत सलग वाचा आणि मग तो तक्ता शेजारी उघडून ठेवा; मूळ टिपा इंटरनेटवर फुकट मिळतात. पुस्तक चारशे पानांच्या वर आहे. वेळ कमी असेल तर लंडनच्या मेजवान्यांची पानं चाळली तरी चालतील, सुरुवातीचा आईवडिलांच्या लग्नाचा भाग मात्र गाळू नका.