लालबागची जुनी बेकरी: भट्टी बदलली, खारी वाचली

मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद करून गॅस वगैरेवर या असं सांगितलं तेव्हाच वाटलेलं की आमच्या गल्लीतली बेकरी आता काही टिकत नाही, पण टिकली! आता आत गॅसचा ओव्हन आहे आणि खरं सांगू, खारीचे पापुद्रे आधीसारखेच सुटतात, चहात बुडवली की लगेच गळून पडत नाही. ब्रून पावाला मात्र तो धुराचा हलका वास नाही राहिला, कवच कडक आहे पण काहीतरी कमी वाटतं बुवा.

मावा केक अजून कागदाच्या वाटीतच, वरून तपकिरी, आत ओलसर, वेलची व्यवस्थित. (ग्रँट रोडच्या मेरवान या इराणी कॅफेच्या मावा केकशी तुलना करू नका, ते १९१४ साली सुरू झालेलं प्रकरण.) अंडं न खाणाऱ्यांसाठी वेगळा ट्रे ठेवलाय, तो जरा कोरडा लागतो. रेड वेलवेट पेस्ट्री कशाला ठेवलीये देव जाणे, नुसता रंग आणि साखर.

दिवाळीला घरचं तूप-रवा-मैदा घेऊन गेलात तर नानकटाई अजूनही भाजून देतात, फक्त नंबर आता व्हॉट्सअ‍ॅपवर लावायचा, त्यामुळे डबे घेऊन ताटकळत उभं राहणं संपलं.

ऑनलाइन खारी मागवू नका, घरी चुराच येतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास जा, ट्रे गरम असतो आणि काका मूडमध्ये असले तर तुटकी बिस्किटं फुकट देतात.