चौदा महिने ड्रॅगुनोव्हबरोबर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. ड्रॅगुनोव्ह या रायफलीला सगळे स्नायपर, म्हणजे लांबून अचूक मारणारी म्हणतात, सैन्यात असताना पोस्टवर आम्हीही तेच म्हणायचो. पण चौदा महिने खांद्याला लावल्यावर माझं मत असं झालं की ही सेक्शनबरोबर, म्हणजे पायदळाच्या छोट्या तुकडीबरोबर पळणारी, सहाशे मीटरपर्यंत चोख काम करणारी रायफल आहे. तिच्याकडून हजार मीटरवर एका गोळीत काम मागाल तर नाराज व्हाल, आणि त्यात तिचा दोष नसेल.

मूळ मागणीच तशी होती. सोव्हिएत पायदळाला प्लाटूनबरोबर चालणारा असा नेमबाज हवा होता, जो बाकीच्यांच्या कलाश्निकोव्हच्या पल्ल्यापलीकडचं सांभाळेल. येवगेनी ड्रॅगुनोव्ह हा माणूस आधी स्पर्धेच्या रायफली बनवायचा. १९६३ मध्ये त्याची रचना सैन्याने घेतली. खांद्याला टेकणाऱ्या बटला आरपार भोक आणि त्यातून अंगठा घालून धरायची पकड, ही त्या स्पर्धांमधूनच आलेली. आपल्याकडे ती तिरुचिरापल्लीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनली.

लांबून एकेची, म्हणजे त्या कलाश्निकोव्हची मोठी बहीण वाटते, पण आतून वेगळी. एकेत गोळीच्या गॅसने ढकलला जाणारा पिस्टन आणि पुढची गोळी भरणारा बोल्ट कॅरिअर एकत्र जोडलेले, सगळं वजन मागेपुढे धावतं. इथे पिस्टन सुटा. तो कॅरिअरला टोला देतो आणि जागेवर परत येतो. त्यामुळे हलणारं वजन कमी, रायफल कमी उडते. पिस्टनला किती गॅस द्यायचा ते ठरवणारा गॅस रेग्युलेटर फिरवायला वेगळं अवजार लागत नाही, काडतुसाची मागची कड खाचेत घालायची आणि वळवायचं. उस्तादांनी हे दाखवलं तेव्हा मला गावाकडचा ट्रॅक्टर मेकॅनिक आठवला.

खरी मजा दुसऱ्या गोळीत आहे. बोल्ट ॲक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हात उचलून बोल्ट ओढावा लागतो, गाल हलतो, दुर्बिणीतलं चित्र हरवतं. इथे डोळा तसाच राहतो. पहिली गोळी कुठे पडली ते दिसतं, माती उडाली त्यावरून सुधारणा करून लगेच दुसरी सोडता येते. मॅगझीन दहा गोळ्यांचं. बदल्यात ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ पडणं, बोल्ट ॲक्शनइतकं घट्ट येत नाही. साध्या दारूगोळ्यावर आणखी पसरतं. स्नायपरसाठीची खास गोळी १९६७ मध्ये निघाली, ती मिळाली की तीच रायफल शहाणी होते. हे चांगल्या तेलावर चालणाऱ्या गाडीसारखंच.

रायफलीवरची दुर्बीण पीएसओ-१, चौपट मोठं दाखवणारी. म्हणजे सहाशे मीटरवरचा माणूस दीडशेवर असल्यासारखा दिसतो. आज हे कमी वाटेल, पण डाव्या कोपऱ्यातली वाकडी रेघ पाहा. तिथे २, ४, ६, ८, १० असे आकडे आहेत. १.७ मीटर उंचीचा माणूस खालच्या आडव्या रेषेवर उभा करायचा, डोकं वरच्या रेघेला जिथे टेकेल तिथला आकडा गुणिले शंभर, इतकं अंतर. ना बॅटरी, ना लेझर. ठाण्यात उपवन तलावावर फिरायला जातो तेव्हा पलीकडच्या काठावरच्या माणसाला मी अजून मनातल्या मनात त्या रेघेवर उभं करतो. बायको म्हणते, लोकांकडे असं टक लावून बघू नका.

तक्रारी आहेतच. सेफ्टीचा खटका एकेसारखाच उजवीकडे, मोठा. जाड हातमोज्यातूनही सरकतो, पण खाडकन वाजतो. शांत रात्री तो आवाज मला गोळीएवढा वाटायचा. मी तो अंगठ्याने दाबून हळूच सोडायला शिकलो. डोळ्याभोवतीचं रबर थंडीत कडक होतं, आणि श्वास वर गेला की काचेवर वाफ धरते. अंधारात रेघा दिसाव्यात म्हणून दुर्बिणीत जो दिवा असतो, त्याच्या बॅटरीची तर रोजची मारामार, गरजेच्या रात्री नेमकी मेलेली. आणि १२२५ मिलिमीटर लांबी, म्हणजे चार फूट! बंकरच्या दारात नळी किती वेळा आपटली ते मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक वेळी मनात एकच धाकधूक, झीरो, म्हणजे दुर्बिणीचा जुळवलेला नेम, हलला का?

वजनाचं मात्र बोलणार नाही. दुर्बिणीसकट ४.३ किलो, चढावर हे फार नाही. नळीच्या आत क्रोम आहे, त्यामुळे पावसात गंजायची धास्ती कमी, पण पुल थ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून रोज ओढणं चुकत नाही. दुर्बीण डाव्या बाजूच्या पट्टीवर बसते, ती काढली तरी खालची लोखंडी साइट वापरता येते. आम्हाला सराव दोन्हीचा होता.

२०१९ च्या सुमारास उत्तर कमांडच्या काही तुकड्यांना .३३८ आणि .५० कॅलिबरच्या नव्या रायफली मिळाल्या. लांबचं काम त्यांनी करावं, हे योग्यच आहे. पण धापा टाकत टेकडी चढून लागोपाठ तीन गोळ्या सोडायच्या असतील, तर मी कोतात, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, जाऊन आजही हीच मागेन. फक्त बॅटरी आधी तपासेन.