दगड आणि ग्लो पावडर भरून घरी केलेली अंगठी: आठ महिने बोटात घातल्यानंतर

ग्लो पावडरची, म्हणजे उजेड साठवून अंधारात चमकणाऱ्या पावडरची अंगठी केल्यावर पहिल्या रात्री सगळे जे करत असतील तेच मीही केलं. अंगठी टॉर्चखाली धरली, पांघरुणात डोकं खुपसलं आणि हसत बसले. त्या आठवड्यात अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे दिले असते. पण पुढे जे सगळं बघावं लागलं त्याबद्दल एक शब्दही त्यात आला नसता. आता आठ महिने झालेत. अंगठी रोज हातात असते, मधे दुरुस्तही केली आहे आणि नव्याची नवलाई कधीच ओसरली आहे. म्हणून आता लिहिते.

अंगठी साधीच आहे. मधून सभोवार खाच फिरलेली, ३१६एल जातीच्या स्टीलची तयार कडी घेतली. तिला ब्लँक म्हणतात. रुंदी ८ मिलिमीटर, खाच ४ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम १ मिलिमीटर खोल. एवढ्याशा चरात पिरोज्याचे तुकडे बसवले, त्यांच्या मधल्या फटींत ग्लो पावडर कालवलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारं रेझिन) भरलं, मग घासून सपाट केलं. सांगायला तीन वाक्यं लागली, करायला तीन अंगठ्या लागल्या. पहिल्या दोन डब्यात पडून आहेत.

पहिली अंगठी दगडानेच बुडवली. पिरोजा म्हणून आणलेली पुडी पिरोजा नव्हतीच, रंगवलेला हॉवलाइट होता. हॉवलाइट मुळात पांढरा, त्यात शाईसारख्या करड्या रेषा. निळा रंग दिला की हुबेहूब पिरोजा दिसतो. मला हे कळलं ते सगळं भरून झाल्यावर, वाहून आलेला ग्लू अॅसिटोनने पुसताना कापूस निळा झाला तेव्हा. तेव्हापासून नवी पुडी आली की आधी एका खड्यावर अॅसिटोनचा बोळा फिरवते. विकणाऱ्याला दोष देऊन उपयोग नव्हता, तपासायचं काम माझं होतं.

दुसऱ्या अंगठीत लाजवर्द हा गडद निळा दगड होता. दगड अस्सल आणि देखणा, पण तिथे चूक वेगळी झाली. ग्लो पावडर मी तळाला पसरली आणि वरून दगडाचा चुरा दाबून बसवला. वाटलं होतं, खालून उजेड झिरपेल. लाजवर्दासारखा गडद, अपारदर्शक दगड खालचा उजेड बाहेर येऊ देत नाहीच, वरचा उजेडही पावडरपर्यंत जाऊ देत नाही. पावडर तिथे अंधारकोठडीत उपाशी बसली. पावडर दगडाखाली नको, दगडाशेजारी हवी, आणि थेट पृष्ठभागापर्यंत हवी. तिसऱ्या अंगठीत हेच केलं: तुकडे मुद्दाम विरळ लावले, आणि दिवसा नुसत्या पांढुरक्या रेघा वाटणाऱ्या फटी रात्री तळ्याला तडे गेल्यासारख्या उजळू लागल्या.

पावडरबद्दल थोडं सांगते, कारण पैसे तिथेच वाया जातात. स्वस्त पुड्यांमध्ये बऱ्याचदा जुन्या धाटणीचं झिंक सल्फाइड असतं. ते चमकतं आणि थोड्याच वेळात मावळतं. हवं ते स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट, ज्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम ही मूलद्रव्यं अगदी किंचित मिसळलेली असतात. १९९३ साली जपानच्या नेमोतो कंपनीने ते शोधून काढलं आणि घड्याळांच्या काट्यांवरून किरणोत्सारी रंगांची गरज संपत गेली. या पावडरीत रेडियम वगैरे काही नाही, त्यामुळे बोटाला रोज चिकटून राहिली तरी ती धास्ती नको. उजेड साठवणाऱ्या दगडाचं वेड मात्र फार जुनं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या बोलोन्या गावच्या विंचेन्झो कास्कारिओलो नावाच्या चांभाराने एक जड दगड भाजला, आणि तो अंधारात उजळलेला पाहून त्याला म्हणे सोनं करायची किल्लीच हाती लागल्यासारखं वाटलं. पांघरुणातली पहिली रात्र आठवली की मला तो माणूस अगदी जवळचा वाटतो.

रंग निवडताना मी हिरवट निळा घेतला, ज्याला अॅक्वा म्हणतात. सगळ्यांत जास्त उजेड हिरव्याचा, पण ती पावडर दिवसा पोपटी पिवळट दिसते आणि पिरोज्याशेजारी ते माझ्या डोळ्यांना सोसेना. अॅक्वा उजेडात थोडी कमी, पण दिवसा जवळजवळ पांढरी. शिवाय अंधाराला सरावलेला डोळा हिरव्या-निळ्याच्या सीमेवरचा रंग सगळ्यांत चांगला टिपतो, त्यामुळे मध्यरात्री ती हिरव्याच्या मागे पडत नाही. लाल, जांभळ्या पावडरींच्या वाटेला जाऊ नका. दिसतात छान, टिकत नाहीत.

आता मी केलेला मूर्खपणा. पावडरचे कण जरा जाड वाटले म्हणून खलात घालून वाटले. दोन गोष्टी झाल्या. कण बारीक झाले आणि चमक निम्म्यावर आली, कारण या पावडरीत मोठा कण जास्त उजळतो. दुसरं म्हणजे कणांवर पाण्यापासून जपणारा थर असतो, तोही फुटला. उघडं स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट पाण्यात हळूहळू विघटित होतं आणि त्याची चमक जाते. ती वाटलेली पावडर टाकून दिली. कालवायलाही धातूचा चमचा नको. हे कण इतके कठीण असतात की स्टीलच खरवडून निघतं आणि पेस्ट राखाडी होते. टूथपिक किंवा आइस्क्रीमची काडी उत्तम.

चिकटवण्यासाठी बहुतेक जण सीए ग्लू वापरतात, म्हणजे आपला सुपर ग्लूच, पातळ जातीचा. दगडाच्या नुसत्या चुऱ्याला तो चांगला, थेंब टाकला की आत जिरतो. पण लवकर सुकावा म्हणून वरून ॲक्सिलरेटर मारला तर पांढरा फेस येतो, आणि तो फेस घासून जात नाही. कापसावर किंवा सुती कापडावर पातळ ग्लू सांडला तर तो वाफ येईपर्यंत तापतो, बोट भाजू शकतं. मी टिश्यू पेपरने पुसायला गेले होते, तेव्हापासून शहाणी झाले. ग्लो पावडरसाठी मी इपॉक्सी वापरते. त्यातही एक अडचण आहे: पावडर रेझिनपेक्षा तिपटीहून जड, त्यामुळे अंगठी तशीच ठेवली तर सगळी पावडर खाली बसते आणि एक बाजू उजळ, एक मंद होते. म्हणून अंगठी पेन्सिलीत अडकवून पाऊण तास हातानेच फिरवत बसले. घट्ट होईपर्यंत दुसरं काही सुचू दिलं नाही. घरच्यांनी विचारलं, काय चाललंय. काय सांगणार?

घासण्याबद्दल माझं मत ठाम आहे: घाई केली की हात दाखवून अवलक्षण. इपॉक्सी दुसऱ्या दिवशी कडक लागतं, पण आतून पुरतं मुरायला कित्येक दिवस घेतं. मी दुसऱ्याच दिवशी पॉलिश पेपर लावला आणि कागद च्युइंगमसारख्या गोळ्यांनी भरून गेला. आठवडाभर थांबून पुन्हा सुरू केलं. कागद २४० पासून ४००, ८००, १५०० आणि २००० पर्यंत (आकडा मोठा तितका कागद बारीक), सगळं पाण्यात भिजवून, मागे सपाट पट्टी धरून. बोटाने दाबून घासलं तर रेझिन जास्त झिजतं, दगड कमी, आणि पृष्ठभागावर उंचवटे राहतात. ड्रिल मशीनला अंगठी लावून घासायचा मोह होतो, पण घर्षणाने तापून रेझिन मऊ पडतं. आणि मास्क लावाच. दगडाची कोरडी धूळ फुप्फुसात जाणं वाईट, मॅलाकाइट या हिरव्या दगडाची तर त्यातल्या तांब्यामुळे आणखी वाईट. ओलं घासलं तर धूळ उडत नाही, पण तो चिखल वाळला की पुन्हा धूळच, म्हणून लगेच पुसायचा. इपॉक्सी कालवताना हातमोजे हवेत, कारण एकदा त्वचेला त्याची अॅलर्जी जडली की पुढे प्रत्येक वेळी त्रास देते.

इथवर अंगठी करण्याचं झालं. आता वापराचं.

चमक कशी आहे, हे सगळे विचारतात. उन्हात पाच मिनिटं राहून अंधाऱ्या खोलीत आलं की बघणारा ‘अरे!’ म्हणतो. दहा मिनिटांनी तोच माणूस ‘बरं’ म्हणतो. उतरण सुरुवातीला फार वेगाने होते आणि मग मंदावते. झोपताना दिव्याखालून काढलेली अंगठी पहाटे तीनला मला दिसते, पण डोळे अंधाराला सरावलेले असतात म्हणून. मधे दिवा लावला तर डोळ्यांचं ते सरावणं जातं आणि परत यायला वीसेक मिनिटं लागतात. तिच्या उजेडात वाचता येईल असली जाहिरात दिसली तर पुढे सरका. आठ महिन्यांत चमक कमी झाली का? फोन स्टँडला लावून, एकाच सेटिंगवर, तेवढाच वेळ चार्ज करून मी दर महिन्याला फोटो काढला. पहिल्या आणि आठव्या फोटोत मला तरी फरक सापडत नाही, एक जागा सोडून. त्या जागेबद्दल पुढे सांगते.

एक गंमत करून बघा. अंगठी चार्ज करून अंधारात फ्रीझरमध्ये ठेवा. काही मिनिटांनी काढली की फिकी पडलेली असते. मग मुठीत धरा, बघता बघता ती पुन्हा उजळते. साठलेली ऊर्जा सुटायला उष्णता लागते. गारठ्यात ती अडकून पडते. म्हणजे बोटातली अंगठी टेबलावरच्या अंगठीपेक्षा जराशी जास्त उजळते आणि त्याच हिशोबाने जरा लवकर संपते. हा प्रयोग दाखवून मी जितक्या लोकांना पटवलं, तितकं अंगठी दाखवून पटवलं नसेल.

चमकेनं मला दगा दिला नाही. दगा दिला तो कडेनं, जिथे रेझिन आणि स्टील भेटतात तिथे. दुसऱ्या महिन्यात स्वेटरचा धागा अडकला. नखाने चाचपलं तर एका बाजूला केसाएवढी फट. भरण्याआधी खाचेच्या आतल्या भिंती मी खरवडून खडबडीत केल्या नव्हत्या आणि अल्कोहोलने नीट पुसल्या नव्हत्या. गुळगुळीत स्टीलला रेझिन धरून राहत नाही. त्या फटीतून भांडी घासताना पाणी आत गेलं, आणि चौथ्या महिन्यात शेजारची ग्लो पावडरची रेघ दुधाळ झाली. फोटोत मंद दिसणारी जागा हीच. दंडगोल फाइलीने तेवढा भाग कोरून काढला, भिंत खरवडली, नवी पेस्ट भरली, आठवडाभर बोट रिकामं. दुरुस्ती बेमालूम नाही. जवळून बघणाऱ्याला एका तुकड्याभोवतीचा पांढरा रंग निराळा दिसतो.

बाकी झीज अपेक्षेप्रमाणे. स्टीलच्या कडांवर बारीक ओरखडे भरपूर, पण ते एकमेकांत मिसळून गेलेत. रेझिनवर धूसरपणा येतो. दोन-तीन महिन्यांनी २००० चा कागद आणि पॉलिशची पेस्ट फिरवली की पंधरा मिनिटांत पहिल्यासारखं. पिरोजा सच्छिद्र दगड, तेल आणि क्रीम पिऊन हिरवट होतो असं ऐकलं होतं, पण वर रेझिनचा पातळ थर असल्याने माझा अजून निळाच आहे. नेलपॉलिश रिमूव्हर लावताना अंगठी काढून ठेवते, कारण अॅसिटोनने वरचा थर खराब होतो, आणि सीए ग्लू असेल तर विरघळतोच. जिममध्ये दांड्याला धरताना घालू नये, पण हे कुठल्याही अंगठीला लागू.

एक गोष्ट करण्याआधीच ठरवा: माप. ही अंगठी नंतर मोठी किंवा लहान करता येत नाही. ताणली की जडाव तडकून निघणार. बोटाचं माप संध्याकाळी घ्या, तेव्हा ते थोडं फुगलेलं असतं. रुंद अंगठी अरुंदपेक्षा घट्ट बसते, म्हणून मी अर्धं माप वाढवून घेतलं आणि ते बरं झालं. टंगस्टन कार्बाइडच्या ब्लँकवर सहसा ओरखडे पडत नाहीत म्हणून मन ओढलं जातं, पण आपटलं तर ते तडकतं. मला रोजच्या वापराला स्टील किंवा टायटेनियम बरं वाटतं.

कुणी ‘मला करून दे’ म्हटलं तर मी आता आधी विचारते की दुरुस्तीला परत आणशील का. नाही म्हणाले तर करत नाही.

काल रात्री पाण्याला उठले तेव्हा दुरुस्त केलेल्या जागेपासून दोन तुकडे पलीकडे उजेडाच्या रेघेत सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. सकाळी भिंगातून पाहिलं, बुडबुडा फुटून खड्डा झालाय. पाणी अजून गेलेलं दिसत नाही. रविवारी टूथपिक आणि पातळ ग्लू घेऊन बसायचं आहे, तोपर्यंत भांडी घासायला दुसऱ्या कुणालातरी लावते.