मॅपलखालच्या सावलीत कोणता ॲस्टर: पांढरा की निळा?

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडे घरामागे जुना मॅपल असला की त्याच्या बुंध्याभोवती गवत काही धरत नाही. अशा जागेसाठी तिथल्याच जंगलातले दोन ॲस्टर आहेत: पांढरा वुड ॲस्टर आणि निळा वुड ॲस्टर. दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत फुलतात. दादरच्या फूलबाजारातला ॲस्टर मात्र वेगळा. तो चायना ॲस्टर, एका हंगामाचा आणि उन्हाचा. त्याचं बी सावलीत टाकू नका.

निवड करायची ती सावली बघून. भर उन्हाळ्यात झाडाखालच्या मातीत बोट खुपसा. दोन इंचांखालीही माती कोरडी, आणि बोटाला मुळंच मुळं लागतात? मग पांढरा घ्या. मॅपलची उथळ मुळं पाणी ओढून घेतात आणि तिथे भलेभले हात टेकतात, पण हा एकदा रुजला की टिकतो. उंची दीड-दोन फूट. जमिनीखालून आडव्या खोडांनी हळूहळू पसरतो आणि काही वर्षांत जमीन झाकून टाकतो. मोजक्याच, जरा विस्कटलेल्या पाकळ्यांची फुलं दुरून साधी वाटतात. जवळ जाऊन बघा: दांडा जवळजवळ काळा आणि नागमोडी, फुलाचा मधला भाग आधी पिवळा, मग वाइनसारखा लाल होत जाणारा. एकाच घोसात दोन्ही रंग दिसतात.

निळ्याला थोडा उजेड आणि थोडी ओल लागते. झाडांच्या कडेची, सकाळी दोन-तीन तास ऊन येणारी जागा त्याला मानवते. तिथे तो तीन-चार फूट वाढतो आणि फिकट जांभळ्या-निळ्या फुलांनी लगडतो. शोभेत पांढरा त्याच्यापुढे उणा पडतो, हे मान्य करायला हवं. पण गडद सावलीत निळा लांबट होऊन लोळतो, कोरड पडली की पानांवर भुरी येते. जूनच्या सुरुवातीला निम्म्यावर खुडला तर आटोपशीर राहतो. बी उडून रोपं कुठेही उगवतात, ती लहानपणीच उपटलेली बरी. पर्ल क्रेसेंट फुलपाखराच्या अळ्या त्याची पानं खातात, म्हणून चार पानं कुरतडलेली दिसली की फवारणीला धावू नका.

हरणं-ससे दोन्हींचे कोवळे शेंडे खुडतात. पहिल्या वसंतात जाळी लावाच.

एकच घ्यायचा तर माझा कौल पांढऱ्याला. उजेडाच्या जागेत लावायला पुष्कळ पर्याय असतात, कोरड्या सावलीत फारच थोडे. जागा दोन्ही प्रकारची असेल तर बुंध्याजवळ पांढरा, कडेला निळा.

नर्सरीत पाटीवर पांढऱ्याचं नाव युरिबिया डिव्हॅरिकाटा असतं, निळ्याचं सिम्फिओट्रायकम कॉर्डिफोलियम. जुन्या पाट्यांवर दोन्हींच्या सुरुवातीला नुसतं ॲस्टर. ठेंगणा हवा असेल तर पांढऱ्यातला 'ईस्टर्न स्टार' मागा. लावणी एप्रिल-मे किंवा सप्टेंबरात करा, दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. मोठी मुळं तोडू नका, मुळांच्या मधल्या फटींत लहान रोपं बसवा. पहिला उन्हाळाभर पाणी द्या. वाळलेले दांडे वसंतापर्यंत उभे राहू द्या, हिवाळ्यात पक्षी त्यांचं बी खातात.