ऐकणं की वाचणं?
बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा क्वचितच असते. आवाज सलग वाहतो, तुकडे मेंदूच पाडतो. अनोळखी भाषा भरधाव वाटते ती बरीचशी त्यामुळेच. शिवाय कान एकटा काम करत नाही. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवलं: आवाज ‘बा’चा आणि ओठ ‘गा’चे, तर अनेकांना ‘दा’ ऐकू येतं. गंमत माहीत असूनही!

छापील ओळीत शब्द आधीच सुटे मिळतात. नजर मात्र सरळ सरकत नाही, उड्या मारते. एकेक थांबा साधारण पाव सेकंदाचा. अडलं की मागे जाता येतं, ऐकताना ती सोय नाही. उलट सूर आणि उपरोध कागदावर बरेचदा हरवतात.

किचकट युक्तिवाद असेल तर मी वाचेन. बोलणाऱ्याचा हेतू ताडायचा असेल तर ऐकणं बरं, चेहरा दिसला तर आणखी बरं.